खाडीगाळातील विषारी प्रदूषके व सूक्ष्मशैवले

खाडीगाळातील विषारी प्रदूषके व सूक्ष्मशैवले : नदीमुखे व खाड्या यांच्या तळाशी साचणाऱ्या गाळातील औद्योगिक विषारी द्रव्ये सजीवांना कितपत बाधतात, हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसू शकणाऱ्या एककोशिक शैवलांच्या वाढीवरून, अवस्थेवरून किंवा जातिसमूहावरून ठरविण्याच्या पद्धती व त्यांचा इतिहास. या पद्धतींचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपातील नद्यांच्या अभ्यासात घातला गेला. गोड्या पाण्यासाठी त्यांना प्रमाणित रूप १९७० नंतर मिळाले. प्रत्यक्ष गाळाला त्या लागू करण्याचे काम मुख्यतः एकविसाव्या शतकातील आहे. महाराष्ट्रात या पद्धतींची गरज जेथे विशेष जाणवते असा एक प्रदेश म्हणजे रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहे (रोहा) या तालुक्यांचा खाडीपट्टा होय.

खाडीपट्टा : पेण तालुक्याची पश्चिम बाजू धरमतरच्या खाडीला लागून आहे. सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी नागोठण्याच्या खाली खाडीचे रूप घेते व पुढे रेवसजवळ मुंबई बंदराच्या जलाशयास मिळते. रोहे हे कुंडलिका नदीच्या काठी वसले असून ही नदी रेवदंडा व कोर्लई यांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. रोहे-अष्टमीपर्यंत पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते येत. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळ्यांत ४ मी. हून अधिक फरक पडतो, भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. ओहोटीला दोन्ही खाड्यांच्या कडांना चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. त्यांच्यामागे कांदळवने, त्यांच्यामागे बांध आणि बांधाच्या आत खारेपाटातील भातखाचरे अशी येथील रचना आहे. ही खाचरे समुद्राकडून मिळविलेली आहेत. बांध घालून व राखून जमीन कसण्याच्या शिलोत्री पद्धतीचा येथील इतिहास जुना असून स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई खार जमीन अधिनियम (१९४८) व महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम (१९७९) यांन्वये बांधांची जबाबदारी शासनाकडे आली. बांध फुटला की खाडीचे पाणी आणि त्याबरोबर खाडीचा गाळ शेतात येतो. म्हणून येथील गाळ हा केवळ मासेमाऱ्याच्या नव्हे, तर शेतकऱ्याच्याही संबंधातील पदार्थ आहे.

ओहोटीनंतर थोड्याच वेळात उघड्या चिखलावर सोनेरी-तपकिरी साय धरलेली दिसते. ही साय म्हणजे करंडक वनस्पतींचा (सिलिकेचे दुहेरी, पेटीसारखे कवच असणाऱ्या सूक्ष्मशैवलांचा; डायाटमांचा) थर होय. पाणी उतरले की त्या गाळातून वर सरकतात, प्रकाशात अन्न तयार करतात आणि भरती येण्याच्या सुमारास पुन्हा खाली जातात. त्यांनी स्रवलेल्या चिकट द्रव्यामुळे गाळाचे कण बांधले जातात व चिखलाची धूप कमी होते. या थरावर निवट्या चरतात, बोय मासा चरतो, आणि बोय व कोळंबी यांवर जिताडा वाढतो. आगरी व कोळी समाजांच्या आहारात या तिन्हींना असलेले स्थान सर्वपरिचित आहे. पेण-अलिबाग भागात बांधाआडच्या तळ्यांत जिताडा वाढविण्याची प्रथाही आहे. थोडक्यात, चिखलातील विष माणसाच्या ताटात येण्याच्या वाटेवरील पहिला टप्पा ही सूक्ष्मशैवले आहेत.

कुंडलिकेचे एक वेगळेपण येथेच नोंदविले पाहिजे. पूर्ववाहिनी मुळा नदीवरील मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली आणून वीजनिर्मिती करणारे भिरा येथील जलविद्युत् केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. वीजनिर्मितीनंतर हे पाणी कुंडलिकेत सोडले जाते. त्यामुळे कोकणातील इतर बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटत असता कुंडलिकेला बारमाही गोडे पाणी मिळते. रोह्याची औद्योगिक वसाहत येथे येण्यामागे ही पाण्याची सोय हे एक मोठे कारण होते. मात्र या सोडपाण्याचे मान विजेच्या मागणीप्रमाणे दिवसात बदलते. म्हणून खाडीच्या वरच्या भागात कोणत्या घटकेला नमुना घेतला यावर पाण्याची क्षारता व प्रदूषकांची संहती (पाण्यातील प्रमाण) ही दोन्ही अवलंबून राहतात.

उद्योग व देखरेख : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रोह्यालगतची धाटाव येथील वसाहत १९७० नंतरच्या दशकात वाढीस लागली. रंगद्रव्ये, औषधी द्रव्ये, कीटकनाशके व त्यांस लागणारी मध्यस्थ रसायने हे तेथील उत्पादनाचे मुख्य स्वरूप राहिले आहे. अंबेच्या काठी नागोठणे येथे १९९० च्या सुमारास खनिज तेल रसायनांचे संकुल सुरू झाले. पेण तालुक्यातील डोलवी येथे त्यानंतरच्या दशकात पोलादनिर्मिती सुरू झाली आणि धरमतरच्या धक्क्यावर धातुक व कोळसा यांची वाहतूक वाढली. दोन खाड्यांतील उद्योगांचे हे स्वरूप एकच नाही. कुंडलिकेच्या बाबतीत मुख्य प्रश्न कार्बनी संयुगांचा आहे, तर धरमतरच्या बाबतीत त्यांच्याबरोबर धातू, कोळशाची भुकटी व तेले यांचाही आहे.

जलप्रदूषणविषयक कायदा करण्यात महाराष्ट्र मागे नव्हता. १९६९ च्या राज्य अधिनियमान्वये १९७० मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्रीय जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम त्यानंतर १९७४ मध्ये आला. कुंडलिकेवर रोहे शहर, धाटाव धक्का, आरे खुर्द व साळाव पूल येथे पाण्याच्या तपासणीची ठाणी ठरविण्यात आली असून त्यांपैकी शेवटची दोन खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात आहेत. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ५३ पट्टे होते व त्यांत कुंडलिकेचाही समावेश होता. या यादीचा मुख्य आधार पाण्यातील जीवरासायनिक ऑक्सिजन-मागणी हा होता. ही मागणी म्हणजे कुजणाऱ्या द्रव्याचे माप होय. पारा, कॅडमियम किंवा एखादे तणनाशक यांविषयी ती काहीही सांगत नाही. विषाक्ततेची जैव चाचणी भारतीय नियमांत आहे, परंतु ती माशांवरील आहे. पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या सर्वसाधारण मानकांनुसार निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. ही कसोटी नळाच्या तोंडाशी असलेल्या सांडपाण्याची आहे. ते पाणी खाडीत गेल्यावर त्यातील जे अंश वर्षानुवर्षे तळाशी बसतात, त्यांना ती लागू होत नाही.

गाळच का : पाण्यात सोडलेल्या धातूंचा व अनेक कार्बनी विषांचा मोठा भाग सूक्ष्म चिकणमातीच्या कणांना, लोहाच्या ऑक्साइडांना व कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला चिकटतो. गोड्या पाण्यात तरंगणारे हे कण खाऱ्या पाण्याशी मिसळले की एकमेकांना चिकटून जड होतात व खाली बसतात. खाडीचा मधला पट्टा त्यामुळे गाळणीसारखे काम करतो. पाण्याचा नमुना त्या घटकेचे वृत्त देतो, गाळाचा नमुना काही वर्षांचे देतो. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेचा रोग १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. त्यास कारणीभूत सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले, आणि ते थांबल्यानंतरही उपसागराच्या तळाचा पारायुक्त गाळ काढून बंदिस्त करण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत करावे लागले.

मग गाळाचे रासायनिक विश्लेषण करून धातूंचे आकडे काढणे पुरेसे का होऊ नये, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर कोकणात इतर किनाऱ्यांपेक्षा अधिक स्पष्टपणे मिळते. पेण व रोहे या तालुक्यांची भूमी दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाची आहे. हा खडक सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापतो. त्यात लोह व टिटॅनियम विपुल असून तांबे, क्रोमियम, निकेल व व्हॅनेडियम यांचे प्रमाणही ग्रॅनाइटाच्या मानाने पुष्कळ अधिक आहे. तो झिजून बनलेली मातीच नद्यांमार्फत खाडीत येते. परिणामी, ज्या खाडीकाठी एकही कारखाना नाही तेथील चिखलातही परदेशी मार्गदर्शक सूचीतील धोक्याच्या मर्यादेजवळ जाणारे तांब्याचे आकडे मिळू शकतात. उलट, कारखान्यातून आलेले तांबे थोडेच असले, पण ते सैलपणे चिकटलेले असले, तर एकूण आकड्यात ते लपून जाते. खनिजाच्या स्फटिकात अडकलेले तांबे सजीवाला मिळत नाही, कणांमधील पाण्यात विरघळलेले मिळते. तीव्र अम्लात सर्व गाळ विरघळवून केलेले विश्लेषण या दोहोंत भेद करीत नाही. जिवंत कोशिका मात्र तो करते. सूक्ष्मशैवल-परीक्षेचे या प्रदेशातील खरे प्रयोजन हे आहे.

गाळात हवा पोहोचत नाही अशा थरात गंधकाची संयुगे आणखी एक काम करतात. कॅडमियम, शिसे, जस्त, तांबे यांची सल्फाइडे अत्यल्प विद्राव्य असल्याने हे धातू तेथे जखडले जातात. काळ्या, कुजक्या वासाच्या चिखलाविषयी लोकांना सर्वांत अधिक शंका वाटते, पण त्यातील धातू पुष्कळदा सर्वांत कमी उपलब्ध असतात. पावसाळी पुराने तळ खरवडला गेला किंवा नौकानयनासाठी खाडी उपसली गेली, की सल्फाइडांचा हवेशी संबंध येतो आणि जखडलेले धातू मोकळे होतात.

शैवलांच्या साक्षीचा इतिहास : पाण्यातील वनस्पतींवरून पाण्याची शुद्धता ओळखण्याची शास्त्रीय पद्धत जर्मनीतील रिचर्ड कोल्कविट्स व मॅक्सिमिलियन मार्सन यांनी बसविली. १९०२ पासून त्यांनी मैलापाण्याने दूषित नद्यांचे पट्टे पाडण्यास आरंभ केला व १९०८ मध्ये प्रत्येक पट्ट्याच्या निदर्शक वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली. अमुक जाती दिसल्या तर पाणी अमुक प्रतीचे, असे तिचे स्वरूप होते. अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी ही दिशा बदलली. पेनसिल्व्हेनियातील कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्याची पाहणी त्यांनी १९४८ मध्ये केली. एखाद्या निदर्शक जातीपेक्षा एकूण किती जाती व प्रत्येकीच्या किती कोशिका आहेत यावरून नदीचे आरोग्य अधिक खात्रीने कळते, असे त्यांनी दाखविले. पाण्यात काचपट्ट्या टांगून त्यांवर बसणाऱ्या करंडक वनस्पती मोजण्याचे त्यांचे साधन १९५४ मध्ये पुढे आले. सी. एम. पामर यांनी १९६९ मध्ये सेंद्रिय प्रदूषण सहन करणाऱ्या शैवलांना गुण देऊन निर्देशांक तयार केला. २० प्रजातींच्या गुणांची बेरीज २० वा त्याहून अधिक भरल्यास पाणी अतिशय दूषित समजावे, असा त्याचा नियम आहे. सोपेपणामुळे भारतातील महाविद्यालयीन संशोधनात तो अतोनात वापरला गेला आहे. तथापि तो गोड्या पाण्यातील मैल्याचा निर्देशांक आहे. खाडीतील विषारी धातूंसाठी तो वापरणे म्हणजे तापमापकाने वजन करण्यासारखे आहे.

पश्चिम भारतात शैवलांची ओळख करून देणारे पायाभूत काम या सुमारास झाले. एला गोन्साल्व्हिस व जोशी यांनी मुंबईतील वांद्रे येथील तलावाच्या शैवलांचा ऋतुक्रम १९४६ मध्ये वर्णिला. एच्. पी. गांधी यांनी १९५० नंतरच्या काळात कोल्हापूर, पन्हाळगड इ. ठिकाणच्या करंडक वनस्पतींची वर्णने प्रसिद्ध केली. सरोदे व कामत यांचा महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या करंडक वनस्पतींवरील ग्रंथ १९८४ मध्ये निघाला. हे सर्व काम वर्गीकरणाचे होते व प्रदूषण हा त्याचा विषय नव्हता, परंतु जाती ओळखता आल्याशिवाय त्यांची साक्ष काढता येत नाही. मचूळ व खाऱ्या पाण्यातील जातींच्या अभ्यासाला गती मिळाली ती आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ मध्ये गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाल्यावर. या संस्थेच्या मुंबई येथील प्रादेशिक केंद्राने रायगडच्या खाड्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. एल्. आर्. तिवारी व विजयालक्ष्मी नायर यांनी धरमतर खाडीतील वनस्पतिप्लवकांच्या (पाण्याबरोबर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या) परिस्थितिविज्ञानावरील निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. गोव्याच्या वालुकामय किनाऱ्यावर स्मिता मिटबावकर व ए. सी. अनिल यांनी २००२ मध्ये केलेल्या अभ्यासात पृष्ठाखाली कित्येक सेंटिमीटर खोलीवरही जिवंत करंडक वनस्पती आढळल्या. गाळाचा केवळ वरचा पापुद्रा तपासून भागत नाही, हे त्यावरून दिसून आले.

बाटलीतील परीक्षा : निसर्गातील समूहाचे निरीक्षण करण्यापेक्षा एकाच जातीची शुद्ध पैदास प्रयोगशाळेत विषाच्या संपर्कात आणून तिची वाढ मोजणे, ही दुसरी परंपरा होय. तिचा इतिहास एका हिरव्या कोशिकेभोवती फिरतो. ओलाव स्कूलबर्ग यांनी १९५९ मध्ये नॉर्वेतील नीटेल्वा नदीतून चंद्रकोरीसारखे एक हरित शैवल वेगळे केले. सेलेनास्ट्रम कॅप्रिकॉर्न्यूटम या नावाने ते जगभर पसरले (त्याचे आजचे नाव रॅफिडोसेलिस सबकॅपिटाटा असे आहे). अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये शैवल-परीक्षेची जी कार्यपद्धती प्रसिद्ध केली तिच्यात हेच शैवल प्रमुख होते. त्या वेळी प्रश्न विषाचा नव्हता. धुलाईच्या चूर्णांतील फॉस्फेटांमुळे सरोवरांत शैवले माजत होती आणि कोणते पाणी शैवले किती वाढवील हे पाहावयाचे होते. वाढ मोजण्याची हीच पद्धत उलटी वापरली की वाढ कोण किती रोखतो ते कळते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८४ मध्ये तिला विषपरीक्षेचे प्रमाणित रूप दिले व २००६ मध्ये त्यात सुधारणा केली. या परीक्षेत ७२ तासांत विषरहित बाटलीतील शैवल किमान १६ पट झाले पाहिजे. तसे न झाल्यास परीक्षाच बाद ठरते. ज्या संहतीला वाढ निम्म्याने घटते ती संहती विषाक्ततेचे माप समजतात.

समुद्राच्या पाण्यासाठी वेगळी शैवले व वेगळे पोषक विद्राव लागतात. रॉबर्ट गिलार्ड व जॉन रायथर यांनी १९६२ मध्ये वर्णिलेला पोषक विद्राव आजही बहुतेक प्रयोगशाळांत सौम्य रूपात वापरला जातो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या सागरी परीक्षेत (१९९५) स्केलेटोनीमा कॉस्टॅटम व फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्न्यूटम या करंडक वनस्पती निवडल्या आहेत. विल्यम सुंडा व गिलार्ड यांनी १९७६ मध्ये दाखविलेली गोष्ट या विषयात कळीची ठरली. पाण्यात एकूण तांबे तेवढेच ठेवून त्याला बांधून घेणाऱ्या द्रव्याचे प्रमाण बदलले, तर शैवलावरील परिणाम पूर्णपणे बदलतो. बाधा होते ती मोकळ्या तांबे-आयनांची (विद्युत् भारित अणूंची). याचा एक व्यावहारिक धडा असा की, पोषक विद्रावात धातू विरघळलेले राहावेत म्हणून घातले जाणारे बंधक द्रव्य धातूंच्या परीक्षेत वगळावे लागते. ते राहिल्यास विषारी गाळही निर्दोष ठरतो. अशा रीतीने फसलेल्या परीक्षा दुर्मिळ नाहीत.

विषाचा परिणाम वाढीपूर्वीही दिसू शकतो. प्रकाशात आणलेल्या हिरव्या कोशिकेतून तांबड्या प्रकाशाची एक क्षीण चमक बाहेर पडते व तिची तीव्रता ठरावीक क्रमाने बदलते, हे हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्ये वर्णिले होते. हरितद्रव्याने घेतलेली प्रकाशऊर्जा अन्ननिर्मितीकडे न जाता वाया जाऊ लागली की ही चमक बदलते. १९८० नंतर उल्रिच श्रायबर आदींनी तयार केलेल्या उपकरणांनी ती काही मिनिटांत मोजता येऊ लागली. प्रकाशसंश्लेषण रोखणाऱ्या तणनाशकांच्या बाबतीत ही पद्धत फारच संवेदनशील आहे. अन्य विषांच्या बाबतीत ती तितकी विश्वसनीय नाही.

गाळाची परीक्षा : या सर्व परीक्षा स्वच्छ द्रवासाठी बनविलेल्या होत्या. चिखल घातला की पहिलीच अडचण येते. बाटली गढूळ होते, प्रकाश अडतो आणि मोजावयाच्या कोशिका कणांत हरवतात. त्यावर पहिला उपाय बंदरांचा गाळ उपसण्याच्या संदर्भात अमेरिकेत १९७० नंतर रूढ झाला. एक भाग गाळ व चार भाग पाणी घुसळून, निवळू देऊन वरच्या पाण्यावर परीक्षा करावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. खाडी उपसताना काय घडेल याची कल्पना त्यावरून येते. न हललेल्या तळावर राहणाऱ्या जीवाला काय सोसावे लागते, ते त्यावरून कळत नाही. कणांमधील पाणी अपकेंद्रण यंत्राने (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने) काढून तपासणे हा दुसरा मार्ग होय.

प्रत्यक्ष चिखलात शैवल ठेवून परीक्षा करण्याचे यश चिखलातच राहणाऱ्या जाती निवडल्यामुळे मिळाले. स्पेनमधील इग्नासिओ मोरेनो-गार्रिदो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून सिलिंड्रोथीका क्लोस्टेरियम ही सुईसारखी करंडक वनस्पती दूषित गाळावर वाढवून पाहिली. ऑस्ट्रेलियात मेरिन अ‍ॅडम्स व जेनी स्टॉबर यांनी २००४ मध्ये एंटोमोनिस या प्रजातीतील तळवासी शैवलावर आधारित परीक्षा प्रसिद्ध केली. तिच्यात कोशिकेत शिरल्यावर जिवंत कोशिकेतील एंझाइमामुळेच (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळेच) हिरवे चमकू लागणारे रंजक वापरतात. मिश्रण सूक्ष्म धारेतून लेसर किरणांसमोरून नेले की हरितद्रव्याच्या तांबड्या चमकेमुळे शैवल चिखलाच्या कणांपासून वेगळे ओळखता येते आणि हिरव्या चमकेवरून त्याची प्रकृती कळते. गढूळपणाची अडचण अशा प्रकारे यंत्राने सोडविली. या यंत्राची किंमत हीच आता नवी अडचण आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात मात्र सूक्ष्मदर्शक व गणनपट्टी यांवर वाढीची साधी परीक्षा करता येते, आणि काळजीपूर्वक केलेली साधी परीक्षा कमी मोलाची नसते.

पेण-रोहे खाड्यांतील उपयोग : धरमतर खाडीच्या चिखलवटांतील गाळाचे उभे गाभे काढून त्यांतील मूलद्रव्यांचे कालानुसार वाटप गोवा विद्यापीठातील जी. एन्. नायक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासले असून त्यावरील निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या खाड्यांवरील काम बहुतांशी पाण्याचे गुणधर्म, प्लवक, तळवासी प्राणी व गाळातील धातू यांविषयीचे आहे. त्याला शैवल-परीक्षेची जोड द्यावयाची तर काही स्थानिक गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट तुलनेच्या नमुन्याची. परीक्षेत ‘शुद्ध’ म्हणून धुतलेली वाळू किंवा दुसऱ्या प्रदेशातील माती घेतल्यास बेसाल्टी चिखलाशी केलेली तुलना निरर्थक ठरते. कणांचा आकार, लोहाचे प्रमाण व सेंद्रिय द्रव्य यांनी शैवलाची वाढ विषाविनाही बदलते. त्यासाठी ट्रॅप खडकाच्याच प्रदेशातील, पण कारखाने नसलेल्या खाडीचा त्याच पोताचा चिखल हवा. दुसरी गोष्ट क्षारतेची. साळावजवळ जवळजवळ समुद्राचे, तर धाटावजवळ सोडपाण्यामुळे बरेचसे गोडे पाणी असते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळी खाडीच गोड होऊ शकते. समुद्री शैवल गोड्या पाण्याने मेले तर तो दोष धाटावच्या चिखलावर येता कामा नये. खाडीतूनच वेगळी केलेली, बदलत्या क्षारतेला सरावलेली जात यासाठी अधिक योग्य होय. मात्र प्रदूषित पट्ट्यातून घेतलेली जात पिढ्यान्‌पिढ्या विषाला सरावलेली असू शकते. ती निबर साक्षीदार ठरेल. म्हणून ती खाडीच्या तुलनेने स्वच्छ भागातून घ्यावी लागते.

तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे. विष आणि खत एकाच चिखलात असतात. गावांचा मैला, भातखाचरांतून वाहून आलेली खते व काही उद्योगांचे सांडपाणी यांमुळे गाळात नायट्रोजन व फॉस्फरस भरपूर असतो. त्यामुळे परीक्षेतील शैवल जोमाने वाढते व विषाचा परिणाम झाकला जातो. विषरहित बाटलीतही पोषके पुरेपूर दिल्यास हा फरक नाहीसा होतो. याउलट कुजणाऱ्या गाळातील अमोनिया स्वतःच विषारी असल्याने औद्योगिक विष नसतानाही वाढ खुंटू शकते. बाधा धातूची की कार्बनी द्रव्याची हे ठरविण्यासाठी गाळाचे पाणी दोन भागांत घेऊन एकात धातूंना बांधणारे द्रव्य घालतात व दुसरे कोळशातून गाळतात. ज्या भागात शैवल पुन्हा वाढू लागते त्यावरून दोषी गट कळतो. त्या गटातील नेमके द्रव्य कोणते आणि ते कोठून आले, हे सांगण्याचे काम रसायनशास्त्रज्ञाचेच राहते. शैवल-परीक्षेच्या बळावर एखाद्या कारखान्याकडे बोट दाखविणे शास्त्राला धरून होणार नाही.

शिवाय शैवलाला न बाधणारे विष माणसाला निरुपद्रवी असते असे नाही. मिथिल पाऱ्यासारखी द्रव्ये शैवलात अल्प प्रमाणात शिरूनही अन्नसाखळीत वर वर साठत जातात. शैवल वाढत राहते आणि जिताड्याच्या मांसात पारा चढत जातो. अशा द्रव्यांसाठी मासळीचेच विश्लेषण करावे लागते.

नमुना घेण्याच्या वेळेविषयीही मतभेद आहेत. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात डोंगरातून आलेली नवी माती वर असते. मार्च ते मे या महिन्यांत प्रवाह मंद असतो, सांडपाण्याचे अंश साचतात व वरचा थर त्या हंगामाचे चित्र देतो. रोह्याच्या बाबतीत मे महिन्यातील भांगाच्या ओहोटीचा नमुना अधिक अर्थपूर्ण म्हणता येईल. नमुना हवाबंद, अंधारात व सु. ४° से. तापमानास ठेवून थोड्या दिवसांतच वापरावा लागतो, कारण हवा लागल्यास सल्फाइडांतील धातू मोकळे होऊन चिखल खाडीत होता त्याहून अधिक विषारी ठरतो.

जिवंत शैवलांच्या परीक्षेला मृत शैवलांचीही जोड मिळते. करंडक वनस्पतींची सिलिकायुक्त कवचे गाळात दीर्घकाळ टिकतात. धातूंच्या संपर्कात वाढलेल्या काही जातींची कवचे वाकडी किंवा नक्षी बिघडलेली असतात. सु. २२ वर्षे अर्धायुष्य असलेल्या शिसे-२१० या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या साहाय्याने गाळाच्या गाभ्यातील सु. शंभर वर्षांपर्यंतच्या थरांचे वय काढता येते. त्यामुळे धाटावची वसाहत होण्यापूर्वी कुंडलिकेच्या चिखलात कोणत्या जाती नांदत होत्या, हे १९७० पूर्वीच्या थरातील कवचांवरून वाचता येणे शक्य आहे. त्यासाठी गाभा मात्र होड्यांच्या नांगरांनी व निवट्या-खेकड्यांच्या बिळांनी न ढवळलेल्या जागेतून काढावा लागतो. कांदळवनाच्या आतील, क्वचितच पाणी चढणाऱ्या उंच चिखलवटांवर अशा जागा सापडतात.